छत्री उतरवायची का? डिश, फायबर आणि आपल्या घरचा टीव्ही

भारताची मॅच असली की आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत प्रत्येक षटकार दोनदा बसतो. आधी समोरच्या घरातून आरोळी उठते; त्यांच्या गच्चीवर डिशची छत्री आहे. आमच्या टीव्हीवर त्या वेळी बोलर अजून चेंडू पँटला घासत असतो. आम्ही ओरडतो तोवर अर्धं मिनिट गेलेलं असतं आणि समोरचे पुढच्या बॉलच्या काळजीत असतात. आम्ही मागच्या वर्षी फायबर घेतलं, टीव्ही ॲपवर बघतो. पुतण्याला हे सहन होत नाही. "काका, शंभरचं स्पीड घेतलंय आणि आपणच कसं काय मागं?"

मी पंधरा वर्षं शहापुरात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, शेकडो छत्र्या बसवल्या. त्यामुळे गल्लीतले लोक मला आणखी एक प्रश्न विचारतात. सगळीकडे फायबर येतंय, मग डिश बंद पडणार का? छत्री उतरवून भंगारात घालू का? पुतण्याचा प्रश्न आणि हा प्रश्न मुळात एकच आहे, पण त्यासाठी आधी टीव्ही घरात येतो कुठून हे बघावं लागतं.

बेळगावात कुठल्याही गच्चीवर उभे राहा. सगळ्या छत्र्यांची तोंडं एकाच अंगाला, आग्नेयेकडे. यात वास्तुशास्त्राचा काही संबंध नाही. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तेवढ्या उंचीवर एक प्रदक्षिणा घालायला लागणारा वेळ आणि पृथ्वीला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला लागणारा वेळ सारखाच, म्हणून उपग्रह आकाशात खिळा ठोकल्यासारखा एका जागी दिसतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, तेव्हा तोंड दक्षिणेकडे करायचं. शिवाय दूरदर्शनच्या फुकटातल्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, आणि बेळगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणून थोडं पूर्वेकडे वळायचं. दक्षिण आणि पूर्व मिळून आग्नेय. छत्री दोन-तीन अंश हलली की चित्र जातं. गच्चीवर एकजण पाना घेऊन, खाली टीव्हीपुढे दुसरा, आणि मध्ये जिन्यात तिसरा ओरडतोय, "आला, आला... गेला!" हे ज्याच्या घरी झालं नाही असं घर मी तरी पाहिलं नाही.

आता मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेली एखादी मराठी मालिका घ्या. वाहिनी ती आधी एका उपग्रहाकडे पाठवते. डिश कंपनीच्या केंद्रातल्या मोठमोठ्या अँटेना ती खाली उतरवून घेतात. तिथे शेकडो वाहिन्यांची मोट बांधली जाते, फुकट्यांनी बघू नये म्हणून कुलूप लागतं, आणि सगळं परत वर दुसऱ्या उपग्रहाकडे जातं. तिथून आपल्या छत्रीत. मुंबई ते बेळगाव हे पाचेकशे किलोमीटरचं अंतर कापायला मालिका जवळजवळ दीड लाख किलोमीटर हिंडून येते. एवढ्या फेरफटक्याला वेळ लागतो जेमतेम अर्धा सेकंद, कारण ती प्रकाशाच्या वेगाने हिंडते. मध्ये कोडिंग-बिडिंगला जे काही सेकंद जातात ते वेगळे.

आणि केबलवाला? त्याची तार जमिनीवरून येते म्हणून टीव्हीही जमिनीवरून येतो असं आपण धरून चालतो. पण केबल कंपनीच्या मुख्य केंद्राच्या गच्चीवर जाऊन बघा. दहा-दहा, बारा-बारा फुटांचे तवे ओळीने आकाशाकडे बघत बसलेले असतात. वाहिन्या तिथे आकाशातूनच उतरतात, पुढे तारेत शिरतात. फायबरवर टीव्ही देणाऱ्या मोठ्या कंपन्याही बहुतेक वाहिन्या अशाच उतरवून घेतात. म्हणजे ज्याला आपण फायबरचा टीव्ही म्हणतो त्याचंही पाणी बहुधा त्याच विहिरीचं. फरक शेवटच्या टप्प्याचा. आकाश विरुद्ध काच हे भांडण त्या शेवटच्या काही किलोमीटरांचं आहे, आणि वर्तमानपत्रांत जे 'उपग्रहाचा शेवट' वगैरे छापून येतं त्यात हे कुणी सांगत नाही.

फायबर म्हणजे काच. बाहेरून जाडी ०.१२५ मिलिमीटर, केसाएवढी. प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो याच्याही चौदाव्या हिश्शाएवढा. विहिरीत बुडी मारून तिरक्या नजरेने वर बघितलंय कधी? एका ठरावीक कोनापुढे पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. बाहेरचं झाड दिसत नाही, विहिरीचाच तळ दिसतो. काचेच्या गाभ्यात प्रकाशाची तीच गत. बाहेर पडू बघतो आणि आतच परततो, असं करत पुढे जातो. पूर्वी अडचण अशी होती की साध्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विझायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवून दिलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या भेसळीचा आहे. त्या कामाबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज काच इतकी शुद्ध बनते की १५ किलोमीटर गेल्यावरही अर्धा प्रकाश शिल्लक राहतो. बेळगावात सोडलेला किरण सव्वीस किलोमीटरवर खानापुरात पोचतो तेव्हा तीस टक्के तरी उरलेला असतो. पुढे तो गल्लीच्या तोंडावरच्या डबीत बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. एका भाकरीचे बत्तीस तुकडे, तरी प्रत्येकाचं पोट भरतं.

छत्री फक्त ऐकते, बोलत नाही. फायबर दोन्ही करतं. लोक फायबर घेतात ते याचसाठी: पोरांचा अभ्यास, घरून काम, पुण्यातल्या लेकीशी व्हिडिओ कॉल. टीव्हीसाठी म्हणून फायबर घेणारा माणूस मला अजून भेटायचाय. टीव्ही त्याच्या पाठुंगळीवर बसून घरात येतो, आणि महिन्याला दोन-दोन रिचार्ज कशाला म्हणून एक दिवस डिशचा रिचार्ज राहून जातो.

मग पुतण्याच्या षटकाराचं काय? इथे जुन्या काळची दवंडी आठवा. दवंडीवाला चौकात एकदा ओरडला की झालं. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, त्याचा घसा तेवढाच दुखतो. उपग्रह ही दवंडी आहे. अख्ख्या देशावर एकदाच ओरडतो. ॲपवरचा टीव्ही म्हणजे घरोघरी जाऊन लग्नपत्रिका देणं. प्रत्येक घराला वेगळी प्रत, प्रत्येक दाराशी वेगळा माणूस. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत वर्ल्डकपची फायनल झाली तेव्हा डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक एकदम होते. हे सगळे मोठ्या टीव्हीवर बघत असते आणि प्रत्येकाला ५ एमबीपीएसचा प्रवाह लागला असता, तर बेरीज सेकंदाला ३०० टेराबिट्सच्या, म्हणजे तीस कोटी एमबीपीएसच्या घरात गेली असती. उपग्रहाला मात्र एक वाहिनी पाठवायला तेवढीच जागा लागते, मग बघणारं एक घर असो नाहीतर सगळा देश.

हा पत्रिकांचा पसारा सांभाळण्यासाठी ॲपवाले व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे करतात, डबे भरतात आणि ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. आपला टीव्ही तीन-चार डबे हाताशी आल्याशिवाय चित्र सुरू करत नाही, मध्येच अडकायला नको म्हणून. अर्ध्या मिनिटाचा उशीर मुख्यतः इथला. घरातलं स्पीड शंभरचं असो की हजारचं, डबे भरायला लागणारा वेळ तोच. पुतण्याला हे पटलं, आवडलं नाही.

पण फायबरवर टीव्ही आणायची ही एकच रीत नाही, आणि लोकांचा घोळ इथेच होतो. केबलवाला त्याच काचेतून निराळ्या रंगाचा प्रकाश, म्हणजे निराळ्या तरंगलांबीचा, सोडून जुन्या पद्धतीचाच केबल टीव्ही पाठवू शकतो. इंटरनेट एका रंगात, टीव्ही दुसऱ्या रंगात. दुसरी रीत आयपीटीव्हीची: कंपनी प्रत्येक वाहिनीची एकच प्रत गल्लीपर्यंत आणते आणि मागतील तेवढ्या घरांसाठी तिथेच झेरॉक्स काढते. यात दवंडीची काटकसर बरीचशी परत मिळते आणि उशीरही कमी. तिसरी रीत साध्या ॲपची. तिघांनाही आपण 'फायबरवरचा टीव्ही' म्हणतो. कनेक्शन घेताना यातलं नेमकं कुठलं देताय ते विचारा. मॅच वेळेवर बघायची असेल तर नक्कीच विचारा.

आता पाऊसपाणी. माझी मावशी कणकुंबीला असते. पश्चिम घाटाच्या माथ्यावरचं गाव, जुलैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. दर वर्षी फोन येतो, "टीव्ही येईना झालाय रे, छत्री हलली काय बघून जा की." छत्री हललेली नसते. घरच्या छत्रीत येणारी लहर १२ गिगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे अडीच सेंटीमीटर लांबीची. मुसळधार पावसातले टपोरे थेंब तिला गिळतात आणि विखरून टाकतात. केबलवाल्याच्या मोठ्या तव्यांत येणारी लहर सात-आठ सेंटीमीटरची, तिला पाऊस एवढा बाधत नाही. म्हणून पावसात घरची छत्री गप्प होते आणि केबलचं चित्र चालू राहतं. (मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस, ठरावीक वेळी, काही मिनिटं चित्र जातं ते वेगळं. तेव्हा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. त्यासाठी मेकॅनिक बोलावू नका, पैसे वाया जातात.)

डिशचं वैर पावसाशी, तर फायबरचं उसाशी. हे शहरातल्या तज्ज्ञांच्या लेखात येत नाही, पण बेळगाव जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की बघा. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर कांडी रचून रचून डोंगर केलेला. रस्त्यावर आडवी लोंबणारी काळी तार त्या उसात अडकते, ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नसतो, आणि पुढच्या खांबापाशी ती तुटते. सगळ्या आळीचं नेट बंद. मग एक पोरगा मोटारसायकलवर येतो. रस्त्याकडेला स्टूल मांडून तारेचं आवरण सोलतो, आतला काचेचा केस स्पिरिटने पुसतो, छोट्या कटरने टोक अगदी काटकोनात तोडतो आणि दोन्ही टोकं जोडणीच्या मशीनमध्ये ठेवतो. मशीनच्या पडद्यावर ते केस बोटाएवढे जाड दिसतात. हळूहळू जवळ सरकतात, एकदा ठिणगी चमकते आणि मधली रेघ नाहीशी होते. पडद्यावर आकडा येतो: ०.०२. म्हणजे जोडात जवळजवळ काहीच सांडलं नाही. मी आयुष्यभर तांब्याच्या तारा पिळून चिकटपट्टी लावत आलो. ही जोडणी पहिल्यांदा बघितली तेव्हा चहा थंड होईपर्यंत बघत बसलो होतो.

जेसीबी, माकडं, उंदीर हे बाकीचे शत्रू सगळीकडचेच. गणपतीत मात्र आमच्याकडे आणखी एक प्रकार चालतो. उंच मूर्तीच्या पुढे बांबूला आकडा लावून तारा वर उचलून धरणारी पोरं असतात, आणि मिरवणूक पुढे गेल्यावर ज्याच्या घरचं नेट गेलंय तो कुणाला नावं ठेवणार? शिवाय फायबरला वाटेत दोन-तीन ठिकाणी वीज लागते. घरचा मोडेम, गल्लीचं केंद्र, त्याच्या मागचं केंद्र. कुठलंही एक पडलं की टीव्ही पडला. छत्रीला तुमच्या घरची वीज पुरते.

खर्चाचं गणित डोंगरात बदलतं. बेळगाव शहरात टिळकवाडीत एका खांबावरून पन्नास गिऱ्हाइकं मिळतात. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, आमगावसारख्या गावांना तार न्यायची तर मैलोन् मैल जंगल, वनखात्याची परवानगी, आणि शेवटी मोजकी घरं. सरकारने २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. २०२३ मध्ये तिच्या नव्या टप्प्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पण पंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार येणं वेगळं आणि वाडीवरच्या घरात येणं वेगळं. उपग्रहाला वाडी आणि शहर सारखंच. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून आपल्या देशातल्या २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग झाला, तो याच हिशेबाने. शेजारच्या विजापूर जिल्ह्यातली खेडीही त्यात होती.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्या-बंगळुरूच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. उपग्रहाचा झोत देशभर पडतो. त्याला कर्नाटक-महाराष्ट्र सीमा कळत नाही. कर्नाटकातल्या निपाणीत आणि महाराष्ट्रातल्या कागलमध्ये तोच सिग्नल, त्याच ताकदीचा. सह्याद्री वाहिनी फ्री डिशवर आहे, म्हणून मावशीला एक पैसाही महिना न भरता मराठी दिसतं. सीमा येते ती कागदावर. दुकानात असताना मी हे रोज बघितलं: नवीन बॉक्स चालू करताना पत्ता बेळगावचा दिसला की कंपनीचा माणूस कन्नड पॅक लावून मोकळा. आम्ही कन्नडही बघतो, त्याचं काही नाही; पण म्हातारीला संध्याकाळी मराठी मालिका हवी असते आणि ती वेगळे पैसे भरून, वेगळी मागून घ्यावी लागायची. २०१९ मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनी एकेक वाहिनी निवडायचा हक्क दिला, तेव्हापासून फोन करून भांडता तरी येतं. केबलमध्ये कुठल्या वाहिन्या ठेवायच्या हे केबलवाला ठरवतो. ॲपला मात्र भाषेची सीमा नाही. तिथे पॅक राज्याचा नसतो. या एका बाबतीत फायबर मला छत्रीइतकंच उदार वाटतं, फक्त ते फुकट नाही.

तर मग कोण जाणार? पैसे भरून बघायची डिश शहरात ओसरतेय हे उघड आहे. ट्रायच्या आकड्यांत २०२० च्या सुमारास देशात अशी सात कोटींच्या आसपास कनेक्शनं होती, २०२५ पर्यंत ती सहा कोटींच्या खाली आली. बाहेरही वारं तेच आहे. ब्रिटनमध्ये स्काय ही कंपनी छत्र्यांवरच मोठी झाली, आणि २०२१ मध्ये तिनेच छत्री न लागणारा टीव्ही विकायला काढला. अमेरिकेत डायरेक्टीव्हीची तेव्हाची मालक एटी अँड टी हिने २०१८ मध्येच सांगून टाकलं की आता आम्ही नवे उपग्रह सोडणार नाही. पण आपल्याकडे २०२२ च्या जूनमध्ये जीसॅट-२४ वर गेला, आणि त्याची सगळी क्षमता टाटा प्लेने घेतली आहे. असा उपग्रह साधारण पंधरा वर्षं चालतो. २०३५ नंतरपर्यंतची सोय कुणी उगाच करून ठेवत नाही.

माझा अंदाज विचाराल तर वडगाव, अनगोळ, निपाणी, चिकोडी अशा दाट वस्तीत पुढच्या दहा वर्षांत पैसे भरायची छत्री कमीच दिसेल. फ्री डिश राहील. ज्याला महिना शे-दोनशेही जड जातात त्याच्यासाठी तिला दुसरा पर्याय नाही. आणि केबल केंद्रांच्या गच्चीवरचे मोठे तवे सगळ्यांत शेवटी उतरतील. त्यांना धोका काचेपेक्षा मोबाइलचा जास्त आहे. अमेरिकेत याच तव्यांच्या लहरींचा एक पट्टा काढून ५जीसाठी लिलावात विकला, २०२१ मध्ये, ८१ अब्ज डॉलरला. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात ५जीला ३.६७ गिगाहर्ट्झपर्यंतची जागा मिळाली, तव्यांची ३.७ पासून पुढे सुरू होते. भिंत पातळ आहे.

मावशीला मी सांगितलंय, छत्री उतरवू नकोस. जुलैत येईना झाला तर दोन दिवस रेडिओ लाव.

आमच्या गच्चीवरची मात्र तीन वर्षांपासून बंद आहे. छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीत, म्हणजे एलएनबीत, कुंभारमाशीने घर केलंय. मागच्या वर्षी फायबरवाला पोरगा आला, गच्चीवर फिरून म्हणाला, "मामा, तार ओढायला काहीतरी उंच आधार पाहिजे की." इकडेतिकडे बघितलं आणि जुन्या छत्रीच्याच पाइपाला तारेला दोन वेढे देऊन, चिमट्याने आवळून निघून गेला. आता भंगारवाला आला तरी छत्री देता येत नाही. ती काढली तर नेट जाईल.